ज्याचं नाव माहीत नव्हतं

सुईचं नेढं एवढंसं, आणि त्यातून दोरा काही जाईना... कुंडलिक शिंप्यानं दोऱ्याचं टोक पुन्हा ओठांत ओलं केलं. बाहेर भोरच्या पेठेत ऐन बाजाराच्या दिवशी दुकानांना फळ्या लागत होत्या. समोरच्या भुसाऱ्यानं तर त्याच्याकडे न पाहताच कडी घातली — ह्याच माणसानं उन्हाळ्यात त्याच्या गळ्यात हार घातला होता! वेल्ह्याच्या वाटेवर तो होता त्या वऱ्हाडाच्या गाड्या दरोडेखोरांनी अडवल्या, एकानं नवरीला खाली ओढलं, तेव्हा कुंडलिकनं हाताला लागली ती जुवाची शिवळ, बैलाच्या मानेजवळची लाकडी खुंटी, उपसून त्याच्या डोक्यात घातली होती. तो पडला तो उठलाच नाही, बाकीचे पळाले. मी शूर नव्हतो, माझा हात आपोआप उठला, असं तो सांगत राहिला — पण हार घालणाऱ्यांना हे ऐकायचंच नव्हतं.

आणि आज सकाळी बातमी आली, मेलेल्याचा भाऊ मानसिंग दोघांना घेऊन गावात उतरलाय, शिंप्याचं दुकान विचारतोय. फौजदार दौऱ्यावर. शेजाऱ्यांनी हळूच सुचवलं, चार दिवस कुठंतरी जा, उगाच पेठेला झळ नको. त्याची बायको ठकुबाई त्याला आपल्या माहेरी, वरव्याला चला म्हणत होती; त्यानं तिला एकटीलाच गाडीत बसवून दिलं. ती रडली नाही.

"तुमी कुणासाठी थांबताय, त्ये तरी सांगा," एवढंच म्हणाली.

कुणासाठी? गावासाठी नव्हे, अब्रूसाठीही नव्हे... पळालो तर उरलेला जन्म पळतच राहीन, एवढंच कळत होतं, आणि तेही धड नाही...

दारात अंधारलं. खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला मानसिंग उभा होता. दोघं मागं रस्त्यात थांबलेले. कुंडलिकचा हात कात्रीवर गेला आणि तिथंच राहिला.

"त्याचं नाव ठावं हाय तुला?" मानसिंगनं विचारलं.

"न्हाई."

"ज्ञानू. धाकला व्हता माजा." त्यानं कुऱ्हाड दुसऱ्या खांद्यावर घेतली. "ज्याला मारलंस त्याचं नाव बी ठावं नसताना तुला मारून काय उपेग? आता ठावं झालं. येईन म्या."

ते गेले. फळ्या निघाल्या, माणसं धावत आली. शिंप्यानं दरोडेखोरांना परतवलं, असं कुणीतरी लगेच बोलूही लागलं. कुंडलिकला ते लांबून ऐकू येत होतं. ज्ञानू... जेवायला ये म्हणून त्याला कुणीतरी ह्याच नावानं हाक मारली असेल, एखाद्या डोंगरातल्या घराच्या दारातून... सकाळपासून आत ठाण मांडून बसलेली भीती त्यानं चाचपून पाहिली. ती नव्हती. तिच्या जागी आता नाव असलेलं कुणीतरी येऊन बसलं होतं, आणि ते उठून जाईल असं वाटत नव्हतं.