ताई वाचत असे तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. तीन पाय आणि वर ताटाएवढी गोल फळी, एवढाच माझा पसारा. मला अक्षरओळख नाही. पण एका बाईचं अख्ख्या आयुष्याचं वाचन मी अंगावर पेललं आहे, आणि त्याचं नवल मला आजही वाटतं.

आठ मजली कचेरीची दारं बसवून उरलेल्या सागवानातून एका सुताराने मला घडवलं. लिफ्ट चालवायला एक नवी मुलगी आली होती, वीस वर्षांची, सातवी शिकलेली. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजत, म्हणून पहारेकऱ्याने सुताराला गळ घातली.

"हिला तीनच पाय?" मला बघून पहारेकऱ्याने विचारलं.

"तीन पाय कुठेही टेकतात," सुतार म्हणाला. "चौथा असतो तो डुगडुगायला."

त्या मुलीला सगळे ताई म्हणत, तिच्या दुप्पट वयाची माणसंसुद्धा. दोन घंट्यांच्या मध्ये तिला कधी अर्धं मिनिट मिळे, कधी पाच. तेवढ्यात ती रंगीत मुखपृष्ठाच्या रहस्यकथा वाचून घेई. कथेत खून पडला की ती पुढे सरके, आणि खुनी सापडेपर्यंत माझी मागची अर्धी फळी रिकामीच राही.

पाचव्या मजल्यावरचे साहेब एकदा भरल्या लिफ्टमध्ये म्हणाले, "ताई, हा कसला कचरा वाचता?" माणसं हसली. त्यानंतर साहेब आत आले की ताई पुस्तक माझ्यावर ठेवी आणि त्यावर बसे. वाचन लपवणाऱ्या माणसाचं वजन जड लागतं, हे मला तेव्हा कळलं.

एका दुपारी वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. आत ताई आणि साहेब दोघंच होते. साहेबांना दरदरून घाम फुटला. त्यांनी जाळीचं दार गच्च धरलं. ताईने त्यांना हात धरून माझ्यावर बसवलं, तर ते इतके थरथरत होते की माझे पाय जमिनीवर वाजू लागले. तास तरी लागेल, असं वरून कुणीतरी ओरडून सांगितलं.

"साहेब, मी वाचते. तुम्ही ऐका."

"वाचा. काहीही वाचा."

जाळीतून येणाऱ्या उजेडात ताई उभ्यानेच वाचू लागली. दहाव्या पानापाशी थरथर थांबली. विसाव्या पानापर्यंत साहेबही माझ्या पुढच्या कडेवर येऊन ठेपले. दीड तासाने कारागिराने दार उघडलं, तेव्हा ते त्याला म्हणाले, "जरा थांबा हो. दोनच पानं राहिलीत."

माफीचे शब्द त्यांना जमले नसावेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईच्या हातात एक जाडजूड कादंबरी ठेवली. ताईने पंधरा दिवस तिच्याशी झटापट केली. दर चौथ्या पानाला तिची मान खाली पडे.

"साहेब, राग मानू नका, पण याने झोप येते."

"राहू द्या घरी. पुस्तक काही नासत नाही."

मग ताईचं लग्न झालं, मुलगी झाली. कित्येक वर्षं तिने मुलीची पाठ्यपुस्तकं आणि औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या सोडल्या तर काही वाचलं नाही. मुलगी दहा वर्षांची असताना ताईचा नवरा अचानक गेला. महिन्याने ती कामावर आली. रहस्यकथा उघडली आणि पहिल्या खुनापाशीच मिटली. पुढे ती रोज शब्दकोश आणू लागली.

"यात कसली गोष्ट असणार?" पहारेकऱ्याने विचारलं.

"यात कुणी मरत नाही," ताई म्हणाली.

चौदा महिने ती शब्दकोश वाचत होती. मग एका सकाळी तिने ती जाडजूड कादंबरी आणली. मित्रांनो, मी तिला अशी बसलेली कधीच पाहिली नव्हती. पाठ ताठ होती आणि अंग जराही हलत नव्हतं. तीनदा घंटा वाजली तरी ती उठली नाही. साहेब आत आले. एव्हाना त्यांचे केस पांढरे झाले होते.

"साहेब, यात नंतर काही नवीन छापलंय का हो? तेव्हा हे नव्हतं यात."

"तेच पुस्तक आहे, ताई. तीच प्रत," साहेब हळूच म्हणाले.

मी थक्क झाले. त्यातला काना-मात्राही बदलला नव्हता. तेवढ्या वर्षांत बदलली होती ती माझ्यावर बसलेली बाई.

पुढे बटणांची लिफ्ट आली. मला भंगारात काढलं होतं, पण ताईने मला काखेत धरून बसने घरी नेलं. तिथे मात्र माझी रवानगी गॅलरीत झाली. डोक्यावर कुंडी, कुंडीतून झिरपणारं पाणी. माझा एक पाय फुगला, मग तडकला. तीन वर्षं माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

ताईला डोळ्यांनी दिसेनासं झालं, तेव्हा तिच्या मुलीला पलंगाजवळ बसायला काहीतरी हवं होतं. तिने मला पुसलं, तडकलेला पाय तारेने आवळला, तेल लावलं. आता रोज संध्याकाळी ती माझ्यावर बसून आईला वाचून दाखवते. परवा तीच जाडजूड कादंबरी वाचता वाचता ती थांबली.

"आई, पुढची दोन पानं नुसतं झाडच आहे. पुढचं घेते."

"का? वाच ना."

"काही घडत नाही गं तिथे."

"घडतंय. तू सावकाश वाच."

मुलीने आधी भराभर वाचलं. मग तिचा आवाज संथ होत गेला. खोडाची साल आली, सालीतली भेग आली, भेगेतून वर निघालेली एक मुंगी आली. ताईने डोळे मिटले होते, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी श्वास घेत असते तर तो रोखला असता.

मित्रांनो, कुणी काय वाचतं यावरून त्याला हसू नका. आज जे पुस्तक कळत नाही ते फेकू नका, कोरड्या जागी जपून ठेवा. जमलं तर जुन्या तिवईलाही तिथेच जागा द्या. मुंगी अजून पहिल्या फांदीपर्यंत पोचायची आहे, आणि मुलीला आता मुळीच घाई नाही.