पोट सुटलेला ग्लास

चष्मेवाल्याच्या नजरेतून केस सुटत नाही. म्हणूनच त्याने जोडीचा ग्लास मागितला तेव्हा मला घाम फुटला. त्याच्या घरी माझ्या हातचे सहा ग्लास होते. एक धुताना फुटला, आणि आता त्याला हुबेहूब तसाच हवा होता. मी साचा वापरत नाही. वितळलेली काच नळीच्या टोकावर घ्यायची, फुंकायची आणि डोळ्याने मापायची. माझे दोन ग्लास शेजारी ठेवले तर जुळे भाऊ दिसतात, या एका गोष्टीचा मला आयुष्यभर माज होता.

पण थंडीत मी छातीच्या दुखण्याने आडवा झालो आणि उठलो तो अर्ध्या दमाचा. डॉक्टर म्हणाले, "जिने हळू चढा. फुंकणं विसरा." भट्टी मात्र तोवर पेटतीच होती, कारण मी अंथरुणात असताना बायकोने ती विझू दिली नव्हती. विझली की आतलं काच वितळवायचं भांडं तडकतं आणि सगळं नव्याने उभारावं लागतं. या वयात ते मला झेपणारं नव्हतं.

तरी चष्मेवाल्याला हो म्हणालो. जुन्यापैकी एक ग्लास नमुन्याला ठेवून घेतला, नळी तोंडाला लावली आणि असा खोकला आला की काचेचा गोळा जमिनीवर गेला. मी तसाच स्वयंपाकघरात गेलो. "शनिवारी भट्टी विझवू," मी म्हणालो. "चष्मेवाल्याला नाही म्हणून सांगतो."

ही कणीक मळत होती. "फुंकायचंच आहे ना? मी फुंकते."

"तुला काय येतंय त्यातलं?"

"खिडकीतून हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतली माणसं वळून बघतात, असं तुम्हीच म्हणता. तेवढा दम पुरत नाही होय?"

मी तिला कारखान्यात नेलं. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. मी बाकावर बसलो, डाव्या हाताने आडवी नळी फिरवत आणि उजव्या हातात ओल्या वर्तमानपत्राची घडी धरून, जिने गरम काच वळवतात. ही पदर खोचून नळीच्या दुसऱ्या टोकाशी गुडघ्यांवर बसली.

"मी फुंक म्हटलं की फुंकायचं, बास म्हटलं की थांबायचं. डोकं चालवायचं नाही."

"बरं."

"फुंक."

तिने फुंकलं. काच फुगली, हवी तेवढी झाली. मी बास म्हणायला तोंड उघडलं, पण शब्दाला लागणारा दमच वर येईना. तो येईपर्यंत ग्लासचं पोट सुटलं होतं.

मी तो भंगारात टाकायला निघालो, तर ही आडवी आली. "पूर्ण करा. माझा पहिला आहे तो."

रागारागाने पूर्ण केला. काच एकदम गार झाली तर चिरते, म्हणून तिला रात्रभर मंद आचेच्या भट्टीत हळूहळू निववावं लागतं. तिथे ठेवून दिला. दुसऱ्या खेपेला मी जरा आधीच बास म्हणायचं ठरवलं, तर खोकलाच आला. तो गोळा पापडासारखा पातळ झाला आणि भंगाराच्या बादलीत गेला. माझा सगळा राग तिच्यावर निघाला. "राहू दे! हे तुझं काम नाही!"

एरवी तिने मला तिथेच धुतलं असतं. पण तिने नळी पुसली आणि पुन्हा गुडघे टेकले. "एकदा घ्या अजून. आणि या वेळी बोलू नका. तुम्ही काचेकडे बघा."

मी काचेकडे बघितलं. काच फुगत गेली, सारखी, शांत. नमुन्याएवढी झाली आणि थांबली. मी हूं की चूं केलं नव्हतं. पुढचं काम हातांनी सवयीने उरकलं, मग मी विचारलं, "तुला कसं कळलं कधी थांबायचं ते?"

"पानात वाढताना कळतं तसंच. तुम्ही पुरे म्हणायच्या आधी डावी भुवई वर जाते. मी तेव्हाच थांबते. लग्न झाल्यापासून."

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी पुरे म्हणतो म्हणून ती थांबते.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला उरलेले चार ग्लास पिशवीतून घेऊन आला. मी नमुना आणि नवा त्यांच्यात मिसळून सहाही टेबलावर मांडले. शनिवारचं काय ते या टेबलावरच ठरणार होतं. हिने दारात उभं राहून पदराचा चोळामोळा केला होता. तो वाकला, चष्मा कपाळावर चढवला, एकेक ग्लास उजेडात धरला आणि शेवटी एकावर बोट ठेवलं. "हा नवा."

मी तो ग्लास उचलून बघितला. "कशावरून?"

"बाकीच्यांवर घासणीचे ओरखडे आहेत. याच्यावर एकही नाही. नाहीतर काय टाप होती ओळखायची!"

"फुंकलाय हिने," मी सांगून टाकलं.

"वहिनी, मग पुढच्या महिन्यात बहिणीच्या घरासाठी सहा हवेत," तो म्हणाला. ही लाजून आत पळाली. तिला लाजताना मी किती वर्षांनी पाहिलं कोण जाणे.

संध्याकाळी जेवायला बसलो. ती भाजी वाढत होती. मला गंमत सुचली, मी डावी भुवई बोटाने दाबून धरली. ती वाढतच राहिली, पानात डोंगर झाला तरी.

"भट्टीवर असला चावटपणा केलात तर बघा," ती म्हणाली.

म्हणजे ती उद्याही येणार होती. परवाही. भिंतीपलीकडे भट्टी घरघरत होती, आणि ती मी विझवायला निघालो होतो हे आठवून मी हातातला घास खाली ठेवला. "अगं, तुझे फार उपकार..." इतकंच बोलता आलं. पुढे दम पुरला नाही.

"उपकार परक्यांचे मानतात," ती म्हणाली आणि मी मागायच्या आत पाणी पुढे सरकवलं. ग्लास तोच होता, पहिला, पोट सुटलेला. मी तो दोन्ही हातांनी उचलला. त्यात पाणी चांगलं दोन घोट जास्त मावतं.