थर्ड शिफ्टची झोप

चाकणजवळच्या निघोज्यातल्या रणजीतनं नवी गाडी घेतली आणि आठवड्याच्या आत तिचा आवाज बदलला. गाडीसोबत आलेला, खर्जाचा दणका देणारा सबवूफर त्याला मिळमिळीत वाटला. तो काढून त्यानं बारा इंची बसवला, जोडीला दणकट ॲम्प्लिफायर. फिटर म्हणाला, नवा वूफर रुळेपर्यंत रोज थोडा वेळ वाजवा. झालं! रोज दुपारी बारा ते दोन अंगणात डिकी उघडी आणि धाड धाड सुरू. अंगणाला लागूनच रणजीतच्या घरच्यांनी भाड्यानं दिलेल्या आठ पत्र्याच्या खोल्या. घरमालकाच्या पोराला भाडेकरू काय बोलणार? आपणही असे किती आवाज मुकाट गिळतो, मंडळी.

चौथ्या दिवशी मात्र तीन नंबरच्या खोलीतली साधना बाहेर आली. मूळची परभणीची. नवरा ज्ञानेश कंपनीत पॉवर प्रेसवर, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या मशीनवर.

"दादा, जरा बंद करता का? हे रात्रभर थर्ड शिफ्ट करून आलेत. चार दिवस झाले, डोळ्याला डोळा लागंना त्यांचा."

"वहिनी, दुपारचे साडेबारा वाजलेत. रात्री दहानंतर मी बटणाला हात तरी लावतो का? कायदा मला बी कळतो. आन् अंगण आमचं हाय. पटत नसंल तर दुसरी खोली बघा."

साधनाचा चेहरा उतरला, पण ती जागची हलली नाही.

"आज पहाटे मशीनवर डुलकी लागली त्यांना. हात प्रेसच्या डायखाली, साच्याखाली होता. सेन्सरनं प्रेस थांबला म्हणून हात राहिला. आज रात्री परत त्याच मशीनवर उभं राहायचंय, दादा."

"मंग कानात कापूस घालाय सांगा."

रणजीतची आई, विमलबाई, ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला सारून त्या उठल्या आणि रणजीतला म्हणाल्या,

"गाडी वाजू दे अशीच. तू माझ्यासंगं चल."

तीन नंबरच्या खोलीत खिडकीला चादर लावून अंधार केला होता. ज्ञानेश भिंतीकडं तोंड करून पडलेला. कानात कापूस होताच. पत्रा थरथरत होता, मांडणीवरची ताटं किणकिणत होती. रणजीतनं भिंतीला हात टेकला आणि तो दचकला. गाणं कळतच नव्हतं, नुसता दणका तळहातात शिरत होता. ज्ञानेश उठून बसला. मालक आलेले बघून तो ओशाळून हसला, "बसा ना दादा," म्हणाला. डोळे लालभडक. प्रेसमधून वाचलेल्या उजव्या हातानं त्यानं चटई पुढं सरकवली. रणजीतला त्या हाताकडं बघवेना.

"घड्याळ तुझ्या बाजूनं हाय, मी कुठं न्हाई म्हणते?" विमलबाई म्हणाल्या. "पर आपल्या निम्म्या खोल्यांची रात दुपारी असती. तुझी गाडी बी अशाच कुणीतरी रातभर जागून घडवली आसंल. आन् त्याच्याच उशाशी तू ती वाजवतोस?"

रणजीत बाहेर धावला आणि गाणं मधेच तुटलं. परत येऊन तो दारातच थांबला.

"चुकलं माझं, ज्ञानेशभाऊ. निजा तुम्ही. वहिनी, खोलीचं बोललो ते विसरा."

तीन वाजता भंगारवाला भोंगा लावून आला, तर हाच रणजीत हात पसरून त्याच्या टेम्पोला आडवा गेला. ज्ञानेश संध्याकाळी सातपर्यंत गाढ झोपला. रात्री तो ताज्या डोळ्यांनी कामावर गेला, सकाळी धडधाकट परत आला.

मंडळी, आवाज करताना आपण घड्याळ बघतो आणि स्वतःला शहाणे समजतो. चाकणच्या पट्ट्यात घड्याळ बघून भागत नाही, शेजारी बघावा लागतो. आपल्याला जी करमणूक वाटते, तिच्यापायी कुणाचा तरी हात जाऊ शकतो.