तू उतरलीस तर पळेल

बाबांच्या रोजच्या फेरीला आई बोटीत नेहमी पुढे बसायची. दोन्ही बाजूंच्या हवा भरलेल्या रबरी नळ्या वळून जिथं एकमेकींना मिळतात, तिथं अगदी टोकाला. तोंड वाऱ्याकडे, पाठ बाबांकडे. बाबा मागे, इंजिनाचा दांडा धरून. दोघांच्या मध्ये सामान आणि इंजिनाचा आवाज, त्यामुळे त्यांचं बोटीतलं बोलणं म्हणजे एक गंमतच असायची. बाबा काहीतरी म्हणायचे. आई अर्धी वळून ओरडायची, "काय म्हणालात?" आणि बाबा म्हणायचे, "काही नाही."

ते 'काही नाही' म्हणजे काय, ते मला पाठ होतं, कारण मी मधे सामानात बसलेली असायचे. "तुझ्या वजनानं बोट रांगते. तू उतरलीस तर पळेल." धक्क्यावर तर ते हे तिच्या तोंडावर, चारचौघांत म्हणायचे. आई पिशवी काखोटीला मारून म्हणायची, "उतरते की. मग मारा वाऱ्याशी गप्पा."

साध्या तापाचं निमित्त झालं आणि आई गेली. माझं पिल्लू तेव्हा पोटात होतं. आता ते उशीला टेकून बसायला लागलंय, आणि त्याला घेऊन मी बाबांकडे राहायला आलेय. नवरा फोनवर रोज विचारतो, "बाबा जेवले का?" मी रोज "हो" म्हणते. ताट समोर घेतलं तर जेवले म्हणायचं, एवढंच.

बाबा सकाळी उठतात ते फक्त बोटीसाठी. नर्सबाईंना आणि त्यांच्या लसींच्या पेटीला जलाशयापलीकडच्या दवाखान्यात पोचवायचं, हे त्यांचं काम. तेवढ्यासाठी दाढी होते, तेवढ्यासाठी धुतलेला शर्ट अंगावर चढतो. आणि नेमकी बोटच पळेनाशी झाली होती. इंजिन जीव तोडून ओरडायचं, पण बोट नाक आभाळाकडे करून शेपटीवर बसायची आणि नांगरासारखी पाणी कापत राहायची. पलीकडे आया लेकरं घेऊन उन्हात ताटकळायच्या. शेवटी दवाखान्याच्या साहेबांनी निरोप धाडला : सोमवारी मी स्वतः बोटीत बसून बघणार आहे. हीच तऱ्हा असेल तर दुसरी बोट लावू.

"लावू देत," बाबा म्हणाले. पण त्या दिवशी ताट समोरही घेतलं नाही.

मग मिस्त्री आला. बाबांच्याच हाताखाली शिकलेला, बडबड्या.

"काका, इंजिनाचा पाण्यातला पंखा बदलू?"

"बदल."

पंखा बदलला. बोट तशीच. इंजिन मागच्या फळीवर जरा उभं करून पाहिलं, त्याचा कल ठरवणारी खीळ एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली. नाक जरासं खाली आलं, पुन्हा वर गेलं. हवा तर बाबा स्वतःच बघत होते. उन्हात टणक वाटणाऱ्या नळ्या गार पाण्यात उतरल्या की सैल पडतात, म्हणून पाण्यात ढकलल्यावर पुन्हा पंप मारायचा, ही त्यांची जुनी सवय. नळीवर टिचकी मारून ते कान द्यायचे, कलिंगड घेताना देतात तसा.

मी धक्क्याच्या पायरीवर पिल्लाला मांडीवर घेऊन बसले होते. नर्सबाई शेजारी.

"मी म्हटलं होतं त्यांना, मी पुढे बसते," त्या हळूच म्हणाल्या. "तर म्हणाले, तिथं ओलं व्हायला होतं. आता दोघंही मागे, मी, ते आणि वर ते इंजिन. नाक वर नाही जाणार तर काय?"

मिस्त्रीनंही हात पुसत तेच काढलं. "काका, खरं सांगू? रागावू नका. पंख्याला काही झालेलं नाही. तुम्हीच तर मला शिकवलंत, पुढे वजन नसेल तर बोट पाण्यावर चढत नाही. पुढे कुणाला तरी बसवा."

"तिथं ओलं व्हायला होतं," बाबा म्हणाले.

"अहो, बोट आहे ती. ओलं नाही होणार तर..." मिस्त्री बोलता बोलता थांबला. मग उगाच पान्हे मोजत बसला.

बाबांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पंखा, खीळ, हवा ही सगळी टाळाटाळ होती.

मी पिल्लू नर्सबाईंच्या हातात दिलं. बाळंतपणानंतर मला माझे कपडे होत नव्हते, म्हणून आईचेच घालत होते. ते अगदी बेतून शिवल्यासारखे बसत होते. जीवरक्षक जाकीट चढवलं आणि बोटीत उतरून सरळ पुढे जाऊन बसले. तोंड वाऱ्याकडे.

मागे बाबा चढले, बोट हलली. मला वाटलं, आता म्हणतील, ऊठ तिथून. मी वळले नाही. मग इंजिन सुरू झालं.

आधी नाक वर आलं, नेहमीसारखं. बाबांनी दांडा पिळला, आणि माझ्या खाली काहीतरी सुटल्यासारखं झालं. नाक खाली बसलं, शेपूट उचललं गेलं, आणि बोट पाण्यातून निघून पाण्यावर आली. पाणी एकदम कठीण झालं, खालून टपटप लागायला लागलं. धक्का, मिस्त्री, पिल्लू, सगळं भराभर लहान झालं. डोळ्यांत वारा इतका गेला की डोळ्यांतलं पाणी गालावर न येता कानाकडे गेलं. आईला एवढी वर्षं इथून असं दिसत होतं तर.

ऐन मधोमध इंजिन बंद झालं. बोट खाली बसली, आमचीच लाट मागून येऊन आम्हाला हलवून गेली.

मी वळले. बाबांचा हात अजून दांड्यावरच होता.

"जन्मभर म्हणालो तिला," ते म्हणाले. "उतरलीस तर पळेल."

"बाबा, चेष्टा होती ती. तिलाही माहीत होतं."

"तिच्यामुळे पळत होती गं." त्यांनी दांडा सोडला. "रोज तिच्या जिवावर पळवली, आणि रोज तिलाच बोजा म्हणालो. हे एकदा तरी तिला सांगायला हवं होतं की नाही?"

सामान ओलांडून मी त्यांच्याकडे जायला निघाले, तशी बोट मागे कलली. "बस, बस तिथंच," ते घाबरून म्हणाले. मग आम्ही तसेच बसलो, बोटीच्या दोन टोकांना, रडत. दूर काठावर पिल्लू रडायला लागलं, तेव्हा त्यांनी इंजिनाची दोरी ओढली.

पुढच्या जागेवर बसायला मी रोज असणार नव्हते. पेट्रोलची टाकी मागून काढून पुढे नेली, तिथून इंजिनापर्यंत पेट्रोलची लांब नळी लावली, शेजारी पाण्याचा कॅन बांधला. गाठी बाबांनी स्वतः मारल्या. कॅनखाली एक जुनी सतरंजी घडी करून घातली. कॅनला काय बोचणार होतं?

सोमवारी साहेब मधे बसून गेले आणि खूश होऊन आले. "काय केलंत हो?" त्यांनी विचारलं.

"वजन वाढवलं," बाबा म्हणाले.

काम राहिलं. दाढी, धुतलेला शर्ट, सगळं राहिलं. आता मला परत जायचंय, पिल्लाचे कपडे भरतेय. काल नर्सबाई भेटल्या, म्हणाल्या, बोट झक्क पळते. पण एक बघितलंस का? बोट पाण्यावर चढली की तुझे बाबा पुढे बघून काहीतरी बोलतात. इंजिनाच्या आवाजात मला नीट ऐकू येत नाही. मग जरा थांबतात, कुणी वळून बघण्याची वाट बघत असल्यासारखे.

"आणि मग?"

"मग म्हणतात, काही नाही."