पंपापुरतं कबूल

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कॉफिन बेच्या खाडीत ग्लेनिस ट्रेलोर कालवांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, शेती करायची. नवरा गेल्यावर कंपनीचा सगळा भार तिच्या एकटीवर आला होता. हिवाळ्याच्या तोंडावर आन्ते श्कोरिचची नोटीस आली. शीतगृहाचे आणि पंपाचे मिळून बेचाळीस हजार डॉलर एकवीस दिवसांत भरा, नाहीतर कंपनी दिवाळखोर समजून गुंडाळायला लावू.

आन्ते परका नव्हता. शेजारच्या पोर्ट लिंकनचा हा शीतयंत्रवाला तिच्या नवऱ्याबरोबर मासे धरायला जायचा. पण त्याने बसवलेलं शीतगृह ऐन नाताळात बंद पडलं आणि विक्रीला काढलेली सगळी कालवं नासली. तेव्हापासून तिने त्याचा फोन उचलला नव्हता.

ॲडलेडच्या वकीलबाई, टॅमसिन, म्हणाल्या, "नोटीस रद्द करायचा अर्ज मुदतीच्या आत टाकू. वाद खरा आहे, एवढं दाखवलं की पुरे. पंपाबद्दलही तक्रार आहे ना?"

"नाही गं. पंप झकास चालतोय."

"जरासुद्धा खोट नाही?"

खोट आहे म्हटलं तर ग्लेनिसवरची नोटीस अख्खीच रद्द झाली असती, आणि पंप बघायला कोण येणार होतं? पण रोज सकाळी तो सुरू करणारी तीच होती.

"नाही," ती म्हणाली.

"मग तसंच लिहू. पण पंपाच्या पैशांची सोय करून ठेवा."

ग्लेनिसने नवऱ्याची होडी विकली. गिऱ्हाईक होडी ओढून नेत असताना ती घरातच बसून राहिली.

न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकल्या. शीतगृह कुणामुळे बंद पडलं हे आपण ठरवणार नाही, त्यासाठी दुसरा खटला लागेल; वाद खरा आहे एवढंच आपण पाहिलं, असं ते म्हणाले. मागणी पंपाच्या अकरा हजारांवर आली. ग्लेनिसने त्याच दिवशी पैसे भरले.

कोर्टाबाहेर आन्ते उभा होता. "पंपाचं का कबूल केलंस? मला वाटलं, सगळंच झटकशील."

"चांगल्या कामाला वाईट कसं म्हणू?"

"मग फोन का उचलत नव्हतीस? मला तुझी कंपनी बुडवायची नव्हती गं. उत्तर हवं होतं."

"दारात यायचंस की! वकिलाला कशाला पुढे केलंस?"

"तू कुत्रं अंगावर सोडलं असतंस."

"सोडलंच असतं," ती म्हणाली. आपणही काही धुतल्या तांदळासारख्या नव्हतो, हे तिला आत कुठेतरी टोचलं. "शीतगृहाचे मात्र देणार नाही हं."

"मीही सोडणार नाही."

तरी पुढच्या आठवड्यात तो हत्यारं घेऊन आला. शीतगृहाचं यंत्र उघडून बराच वेळ आत डोकावत राहिला.

"मोटर जळलीय. वीज कमी-जास्त झाली की यंत्र बंद करणारा स्विच मी लावायला हवा होता," तो शेवटी म्हणाला.

ग्लेनिसने सुस्कारा सोडला. "आणि जुनी वायर बदल, असं तू सांगितलं होतंस. मी चालढकल केली."

चहा झाला, आणि मग घासाघीस सुरू झाली. दोघंही चिवट. दुपार कलली तेव्हा शीतगृहाचा एक आकडा ठरला. तो तिला जास्त वाटला, त्याला कमी. दुसऱ्या खटल्याचं नाव मात्र कुणीच काढलं नाही.