ग्रंथ वाजून संपला

यंदा वर्षावासात माझ्या जागेवर प्रज्ञेशने स्पीकर आणून ठेवला. तो राग अजून गेलेला नाही.

संगमेश्वराकडच्या आमच्या वाडीत पावसाळ्याचे तीन महिने विहारात संध्याकाळी धम्माचा ग्रंथ वाचतात. आधी माझे सासरे सखाराम कंदिलापुढे बसून वाचत, त्यांच्यामागून मी. ऐकणाऱ्याने 'थांब' म्हटलं की थांबायचं, ही आमची रीत. एखाद्या संध्याकाळी पानसुद्धा उलटत नसे. बायका वाद घालत, हसत, कुणी डोळे पुसत. उरलेला ग्रंथ पुढच्या वर्षी तिथूनच पुढे.

माझ्या दिराचा हा प्रज्ञेश यंदा आमच्या मंडळाच्या वाडीतल्या शाखेचा चिटणीस झाला. "काकी, दरवर्षी अर्धवट राहतं. मुंबईवाले हसतात," म्हणाला आणि मोबाइलवरचं वाचन दुप्पट वेगाने लावलं. एसटी सुटेल म्हणून धावत सुटलेल्या माणसासारखा तो आवाज!

शेजारच्या चिमाला अक्षर येत नाही. पहिल्याच दिवशी ती ओरडली, "थांबव रे, काय म्हणला तो?"

"आजी, थांबलो तर पुरा कधी व्हायचा?"

चिमा पुन्हा आली नाही.

समाप्तीला वाडीतली मुंबईला असणारी मंडळी आली, मागे प्रसादाची खीर चुलीवर आटत होती. ग्रंथ पूर्ण झाल्याचं प्रज्ञेशने माइकवरून सांगितलं आणि इतकी वर्षं वाचल्याबद्दल माझा सत्कार जाहीर केला. सत्कार कसला, निरोपच तो. मी माइक घेतला.

"शाल राहू दे. ग्रंथ पुरा झालेला नाही, नुसता वाजून संपलाय. काय ऐकलंत, सांगा कुणीतरी."

एक पाहुणे म्हणाले, "बाई, हल्ली लोकांना वेळ नसतो."

"मग खीर आटेपर्यंत कसे बसलात?"

बायका खो खो हसल्या. प्रज्ञेश लालबुंद. "काकी, पाहुण्यांपुढे तमाशा नको."

"तीन महिने तू काय केलंस मग? विहाराची किल्ली दे, उद्यापासून मी वाचणार."

"वर्षावास संपला," म्हणत त्याने किल्ली खिशात घातली.

मी शाल खुर्चीवर ठेवली आणि मेजावरचा सासऱ्यांचा ग्रंथ उचलला. प्रज्ञेश आडवा आला नाही.

तशीच चिमाच्या घरी गेले. ती चुलीपुढे भाकरी थापत होती.

"ऊठ, हात धू. वाचायला बसू."

"भाकरी तर होऊ दे गो," ती म्हणाली. "तुला गो कसली घाई लागली त्या पोरासारखी?"

मी धुसफुसतच तिच्या पाटावर बसले.