रबराच्या पोटातली पोकळी

रबर ताणलं की त्याच्या पोटात पोकळी केव्हा पडते आणि कशी वाढत जाते, याची समीकरणं मांडण्यात त्या प्राध्यापिकाबाईंची उमेदीची वर्षं गेली होती. धाकट्या भावाचा कारखाना होता. दोन लोखंडी चकत्यांमध्ये रबर चिकटवून जड यंत्रं टांगायचे जोड तिथे बनत. ते तुटायला लागले, तसा तो धावत बहिणीकडे आला.

"ताई, बाहेरून साधा ओरखडाही दिसत नाही गं. मग तुटतात कसे?"

"तुझा थर फार पातळ आहे. रबर दोन्हीकडून चिकटलेलं, त्याला आत सरकायला वाव नाही. मग सगळा ताण मधोमध साठतो. मर्यादा ओलांडली की आतलं बारीकसं छिद्र एकदम फुगतं. थर जाड कर, आणि मी सांगते त्यापुढे भार नेऊ नकोस."

त्याने ऐकलं आणि जोड टिकले. 'डोकं आमच्या ताईचं,' असं तो कौतुकाने ज्याला त्याला सांगत सुटला. पुढे एका बड्या गिऱ्हाईकाचं ताईने सांगितलेल्या मर्यादेच्या दीडपट वजनाचं यंत्र आलं, तेव्हा मात्र त्याने तिला न विचारता तेच जोड लावून दिले. यंत्र खाली कोसळलं. ते बसवणाऱ्या, कारखान्यातल्या फिटरचा पाय गेला.

चौकशीच्या आदल्या दिवशी आई आली. "तुझी नोकरी पक्की आहे. त्याच्यामागे दोन लेकरं आहेत. हिशेब चुकला म्हण, तुझं काय जातंय?"

चौकशीत भाऊ म्हणाला, "गणित ताईचं. आम्ही तिच्यावर विसंबलो."

अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. भाऊ खाली मान घालून बसला होता.

"गणित बरोबर होतं," ती म्हणाली. "मर्यादा त्याला माहीत होती."

कारखान्याला टाळं लागलं. आईने तिच्याशी बोलणं टाकलं.

ती फिटरला भेटायला गेली. खाटेवर उशीला टेकून तो शांतपणे म्हणाला, "खरं बोललात, बाई. पण साहेब माझ्या बायकोला कारखान्यातच कामाला घेणार होते. आता तेही गेलं."

ओळखीच्या दोन कारखान्यांत तिने त्याच्या बायकोसाठी शब्द टाकला. एकाने फोन घेतलाच नाही. दुसऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सख्ख्या भावाला बुडवलंत, त्या तुम्हीच ना?"